आय-सेव्हन आहे, पण कुठल्या सालचा?

नोकऱ्यांच्या जाहिराती जरा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘घरून काम. बॅक ऑफिस, डेटा एन्ट्री, कस्टमर सपोर्ट. स्वतःचा कॉम्प्युटर आणि वायफाय आवश्यक.’ टेबल तुमचं, वीज तुमची, इंटरनेट तुमचं, आता यंत्रही तुमचंच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आयटी आणि बीपीओ कंपन्यांनी ऑफिसातले डेस्कटॉप उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले होते. कामाचं यंत्र कंपनीने द्यायचं असतं, हे तेव्हा कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. आज तीच जबाबदारी उमेदवाराच्या गळ्यात टाकतात. हे चूक आहे. ज्याच्या कामाला यंत्र लागतं त्याने यंत्र द्यावं, नाहीतर दर महिन्याला त्याचं भाडं द्यावं.

पण नवी मुंबईत जुईनगरला वन आरकेमध्ये राहणारी, न्हावा शेवा बंदराच्या कस्टम एजंटकडे कागदपत्रांचं काम मिळालेली मुलगी ही लढाई लढत बसू शकत नाही. तिला सोमवारी सकाळी लॉगिन करायचं आहे. ‘हप्त्यावर नवा लॅपटॉप घे’ असं तिला दहा जण सांगतील. माझं सांगणं वेगळं आहे. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घे. फक्त डोळे उघडे ठेवून घे.

लॅपटॉप फिरतीच्या माणसासाठी असतो. एका जागी बसून रोज आठ तास टाइप करणाऱ्याने तो घेतला की मान खाली, खांदे पुढे आणि सहा महिन्यांत डॉक्टर. कीबोर्डवर चहा सांडला की अख्खं यंत्र दुरुस्तीला जातं आणि त्या दिवसांचा पगारही जातो. डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर संध्याकाळी खाली उतरून नवा आणायचा आणि रात्री कामाला बसायचं. ज्याचा पगार घरातल्या यंत्रावर चालतो, त्याने दुरुस्ती स्वस्त आणि जवळ आहे की नाही हे सगळ्यात आधी बघावं.

आता ऑफिसातून यंत्रं बाहेर का पडतात ते समजून घेऊ, कारण ‘जुनं म्हणजे बाद’ ही समजूत तिथेच मोडते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलं आहे. सर्व्हरला ६ वर्षं दिली आहेत, टेबलावरच्या डब्याला ३. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ५०,००० रुपयांचा डेस्कटॉप पहिल्या वर्षाअखेर कागदावर ३०,००० चा, मग १८,००० चा, मग १०,८०० चा आणि चौथ्या वर्षी ६,४८० चा. त्यात वॉरंटी संपते, भाडेकरार संपतो, आयटी विभागाला सगळीकडे एकाच मॉडेलची यंत्रं हवी असतात. मग शंभर-दोनशे यंत्रं एकदम लॉटमध्ये निघतात. यातल्या एकाही कारणाचा यंत्र चालतं की नाही याच्याशी संबंध नाही. एसीत बसून चार वर्षं ई-मेल आणि एक्सेल चालवलेला तो डबा आणखी पाच वर्षं तेच काम आरामात करू शकतो. त्याला म्हातारा ठरवलं अकाउंट्स खात्याने.

आणि असे लॉट निघायला नवी मुंबईसारखी दुसरी जागा नाही. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, बेलापूरच्या सरकारी आणि बँकांच्या कचेऱ्या, वाशी स्टेशनच्या डोक्यावरची ऑफिसं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेली वीस-पंचवीस वर्षं टेबलांच्या रांगा मांडल्या गेल्या आणि प्रत्येक टेबलावर एक डेल ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, नाहीतर लेनोव्होचा थिंकसेंटर आला. ही तीन घराणी लक्षात ठेवा. हे घरगुती मॉडेल नव्हेत. कंपन्यांना घाऊक विकायला, रोज तासन्‌तास चालायला आणि पटकन उघडून दुरुस्त करायला बनवलेली ही यंत्रं आहेत. दुकानदार जुन्या सुट्या भागांतून जोडलेला, पुढे रंगीत दिवे लावलेला कॅबिनेट पुढे करेल. दिव्यांना हात लावू नका. साधा काळा डबा मागा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण जास्तीत जास्त फसवणूक इथेच होते.

“ताई, आय-सेव्हन आहे. सोळा जीबी. हँग होणारच नाही.”

यावर एकच उत्तर द्यायचं: “दादा, पूर्ण नंबर दाखवा.”

इंटेलच्या प्रोसेसरवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे झालं आडनाव. जन्मसाल पुढच्या आकड्यात असतं. आय-सेव्हन २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी जनरेशन, साल २०११. आय-फाइव्ह ६५०० म्हणजे सहावी. आय-फाइव्ह ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन बघायचे. १०५०० म्हणजे दहावी. आठव्या जनरेशनचा साधा आय-थ्री ८१०० रोजच्या ऑफिसकामात २०११ च्या त्या आय-सेव्हनला मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. तरी पुढे चिकटवलेल्या निळ्या स्टिकरच्या जोरावर २०११ चं यंत्र आजही ‘टॉप मॉडेल’ म्हणून खपवलं जातं. विकणाऱ्याला नंबर माहीत असतो. तो मुद्दाम बोलत नाही. याला मी अज्ञान म्हणणार नाही, ही लबाडी आहे.

यंत्र घेताना आठव्या जनरेशनवर रेघ ओढा. त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सांभाळ थांबवला. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत, दोन-चार अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनपासूनच अधिकृतपणे चालतं. एएमडीच्या बाबतीत साधारण रायझन २००० मालिकेपासून. २०१७ मध्ये विकत घेतलेला सातव्या जनरेशनचा डेस्कटॉप, सुरक्षेची टीपीएम चिप असली तरी, रेघेच्या पलीकडे राहिला. चार कोअरचं, धडधाकट, कोणाचं काही बिघडवलं नसलेलं यंत्र. एका तारखेने ते भंगाराच्या रांगेत उभं केलं. पर्यावरणाच्या गप्पा मारणाऱ्या कंपनीने हे केलं आणि आपल्याकडे त्यावर चार शब्दही कोणी बोललं नाही, याचा मला राग आहे.

या तारखेमुळे सहाव्या-सातव्या जनरेशनचा माल बाजारात स्वस्त झाला आहे. दुकानदार पळवाट काढून त्यावर विंडोज ११ टाकून देतो. ते चालतंही. पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दुकानदाराच्या शब्दाला इथे किंमत नाही. कंपनीचा डेटा, जीएसटीचं पोर्टल, लोकांचे पॅन नंबर तुमच्या यंत्रावरून जाणार असतील तर आठव्याच्या खाली उतरू नका. मुलांच्या अभ्यासाला, टायपिंग शिकायला हवं असेल तर सहाव्या जनरेशनचा डबा घ्या आणि त्यावर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, हलकं आहे, मराठी युनिकोडमध्ये लिहिता येतं. लिनक्सची भीती घालणाऱ्या बहुतेकांनी ते कधी चालवून बघितलेलं नसतं.

विंडोजचाच आणखी एक घोळ. यंत्रावर ‘ओरिजिनल विंडोज’ आहे असं सगळेच सांगतात. दुकानातच तपासा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं टाका, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून एक्स-पी-आर, मग एंटर. अर्ध्या मिनिटात छोटी खिडकी उघडते. त्यात अॅक्टिव्हेशन कायमचं आहे असं आलं तर ठीक. एखादी संपण्याची तारीख आली, तर ते कंपनीच्या घाऊक लायसन्सचं किंवा जुगाड करून चालवलेलं विंडोज आहे. ते १८०-१८० दिवसांच्या मुदतीवर जगतं. जुगाडाचे काही प्रकार कायमचं असल्याचंही दाखवतात, म्हणून बिलावर लायसन्सचा उल्लेख लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याकडून यंत्र सोडा, उंदीरही विकत घेऊ नका.

कंपनीची मालकी यंत्राला चिकटून राहते, ही बाब तर बहुतेक ग्राहकांना ठाऊकच नसते. मोठ्या कंपन्या आपली यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या यादीत नोंदवतात. यंत्र विकताना ती नोंद काढायची असते. काढली नाही, तर घरी आणून तुम्ही विंडोज नव्याने टाकलंत आणि इंटरनेट जोडलंत की स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या ई-मेलने लॉगिन करा म्हणून अडून बसतं. उपाय साधा आहे. दुकानदाराला सांगा, विंडोज माझ्यासमोर पहिल्यापासून सेट करा आणि नेट जोडूनच करा. अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ द्या. त्याच वेळी यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, शिरून बघा: डेलला सुरू करताना एफ-टू, एचपीला एफ-टेन, लेनोव्होच्या थिंकसेंटरला एफ-वन. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदाराकडे तो नसला, तर उठा आणि पुढच्या दुकानात जा. मागच्या बाजूचा सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर घातला की वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं. ‘दोनच वर्षं वापरलंय’ या वाक्याचा निकाल तिथे लागतो.

मग झाकण उघडायला लावा. ऑफिसच्या यंत्रांना बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. एक खटका ओढला की पत्रा बाजूला होतो. आत हात लावायच्या जागा कंपनीने निळ्या किंवा हिरव्या रंगात दाखवलेल्या असतात. एसीच्या ऑफिसातल्या यंत्रात करडी, मऊ, कापसासारखी धूळ सापडते, गालिच्याच्या आणि कपड्यांच्या धाग्यांची. ती ब्लोअरने जाते, तिची काळजी नको. काळजी करायची ती हिरवट-पांढऱ्या डागांची. बोर्डाच्या कडेला, रॅमच्या सोनेरी दातांवर, मागच्या पोर्टांच्या धातूवर असे डाग दिसले तर ते यंत्र दमट जागी पडून होतं. खाडीकाठची आपली हवा आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने धातूला सोडत नाहीत. गोदामात दोन पावसाळे काढलेला लॉट बाहेरून कितीही चकाचक पुसला तरी आतून ओळखू येतो. रॅम काढून तिचे दात शाळेच्या खोडरबराने पुसायचे ही दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती, आणि ती खरी आहे. पण बोर्डच गंजलेला असेल तर खोडरबर काय करणार? कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत की फुगलेली तेही बघा. पंखा हाताने फिरवून बघा. यंत्र पुसून-धुऊन सुगंधी करून दाखवणाऱ्यापेक्षा झाकण न कुरकुरता उघडणारा दुकानदार मला जास्त भरवशाचा वाटतो.

डिस्कबद्दल माझं मत पक्कं आहे: एसएसडी नवीच घ्या. जुन्या यंत्रात फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून २५६ जीबीची नवी एसएसडी टाकली की तेच यंत्र दुसरं वाटतं. याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. पण जुनी डिस्क फेकण्याआधी तिला एक प्रश्न विचारा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम डिस्क एकूण किती तास चालली ते सांगतो. गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा हा आकडा. दिवसाला ९ तास आणि वर्षाला २५० दिवस असं ४ वर्षं चाललेलं ऑफिसचं यंत्र ९,००० तास दाखवेल. तीन पाळ्यांच्या कॉल सेंटरमध्ये ३ वर्षं अखंड चाललेलं यंत्र २६,००० च्या पुढे. दोघांचं वय कागदावर जवळजवळ सारखं, पण दुसऱ्याच्या पंख्याने आणि पॉवर सप्लायने जवळजवळ तिप्पट सोसलेलं. दुकानदाराने डिस्क आधीच बदललेली असेल तर हा पुरावा गेला, एवढं समजून भाव करा.

रॅम ८ जीबीच्या खाली नको. ब्राउझर, टीम्स आणि एक्सेल एकदम उघडं ठेवणाऱ्याला १६ हवी. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी जगभर माल उचलला. ‘आत्ता आठ घ्या, मग वाढवा’ हा जुना सल्ला त्यामुळे आज महाग पडतो. यंत्रात आहे तेवढी रॅम स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि जमलं तर पहिल्याच दिवशी १६ ची घ्या.

आकाराचा प्रश्न सिडकोच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. घणसोली-कोपरखैरण्याची माथाडींची घरं असोत की तळोज्याची लॉटरीतली, टेबलाची जागा ही कपाट आणि गॅलरी यांच्यातल्या तडजोडीतून निघते. पुस्तकाएवढा छोटा डबाही मिळतो. डेल त्याला मायक्रो म्हणतं, एचपी मिनी, लेनोव्हो टायनी. मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवता येतो आणि टेबल मोकळं राहतं. त्याला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो मूळ कंपनीचा, योग्य वॅटचाच हवा. त्यात लॅपटॉपची रॅम लागते. मधला आकार, स्मॉल फॉर्म फॅक्टर, मला सगळ्यात व्यवहारी वाटतो: उभा-आडवा कसाही राहतो आणि डेस्कटॉपचीच रॅम घेतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कुठलाही डबा जमिनीवर ठेवू नये. विटेवर तरी ठेवा. आपल्याकडचा जुलै काय करतो हे इथल्या जुन्या रहिवाशांनी २००५ च्या पुरात बघितलं आहे.

ऑफिसच्या यंत्रात काही गोष्टी नसतात, त्याचा खर्च आधीच धरा. वायफाय बहुतेकदा नसतं, कारण तिथे केबल होती. घरीही राउटरपासून केबल ओढता आली तर उत्तम. व्हिडिओ कॉल तुटत नाही. कॅमेरा आणि माइक नसतो. मॉनिटरसाठी बऱ्याच यंत्रांना एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. घरच्या टीव्हीला जोडायचं म्हणून यंत्र आणलं आणि रविवारी केबलसाठी वणवण, असं होऊ देऊ नका. मॉनिटर जुना चालेल, फुल एचडी असावा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून ठिपके बघा. कीबोर्ड आणि माउस नवा घ्या. दुसऱ्याच्या चार वर्षांच्या बोटांचा कीबोर्ड स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, तो स्वच्छतेचाच प्रश्न आहे.

विजेची भीती मात्र घालून घेऊ नका. असा छोटा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साध्या कामात ६० वॅट धरा. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १२ युनिट. महावितरणच्या बिलात हे सापडणारही नाही. डेस्कटॉपला बॅटरी नसते, हा खरा प्रश्न. पावसाळ्यात फीडर पडला की लिहिलेलं जातं. म्हणून यूपीएस हवाच, ६०० व्हीएचा पुरतो, आणि त्याची बॅटरी नवी हवी. बंद पडलेला यूपीएस यंत्राबरोबर ‘फ्री’ देतात तो घेऊ नका. राउटरही त्याच यूपीएसवर लावा. यंत्र चालू आणि नेट बंद अशा अवस्थेत साहेब विचारतो त्याचं उत्तर देणं कठीण असतं.

आता घ्यायचं कुठे? वाशीच्या सेक्टर १७ मध्ये दुकानं आहेत, पनवेलला आहेत. ज्यांना ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाची ओढ आहे त्यांनी जरूर जावं. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून ग्रँट रोड. भाव बघायला तिथे जावंच. पण त्याच भावात वाशीत मिळत असेल तर वाशीतच घ्या. बिघडल्यावर दहा किलोचा डबा खांद्यावर घेऊन दादरचा जिना चढायचा आहे का, हा विचार भाव करताना करायचा. ऑनलाइन फोटो बघून मात्र मागवू नका. या मालाचा फोटो काहीच सांगत नाही.

वॉरंटीच्या बाबतीत ‘टेस्टिंग वॉरंटी’ हा शब्द कानावर येईल. सात दिवस चालवून बघा, एवढाच त्याचा अर्थ. सात दिवसांत पॉवर सप्लाय उघडा पडत नाही. निदान तीन महिने लेखी मागा, सहा देणारे दुकानदार भेटतात. बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, डिस्क आणि सिरियल नंबर लिहिलेला हवा. व्यवसाय म्हणून घरून काम करणाऱ्याला हे यंत्र हिशेबात धरता येतं, तेव्हा बिल लागतंच. पण माझ्या आग्रहाचं कारण दुसरं आहे. माल कुठून आला हे बिलाशिवाय कळत नाही, आणि ते कळायला हवं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, आपल्याच न्हावा शेवा बंदरात कंटेनर उघडले. कागदावर अॅल्युमिनियमचं भंगार होतं. आत निघाले हजारो जुने लॅपटॉप, हजारो छोटे सीपीयू आणि प्रोसेसर; किंमत काही कोटींच्या घरात. परदेशाने टाकून दिलेला इलेक्ट्रॉनिक कचरा आपल्या दारात आणायचा, पुसायचा आणि इथल्या गरजू मुलीला ‘कॉर्पोरेट लॉट’ म्हणून विकायचा, हा धंदा आहे. ऐरोलीच्या ऑफिसातून कायद्याने निघालेलं यंत्र आणि भंगाराच्या नावाखाली बंदरातून आलेलं यंत्र दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी बसलेलं असू शकतं आणि दिसायला सारखं असतं. जो दुकानदार हा माल कुठल्या कंपनीतून, कुठल्या नोंदणीकृत रिफर्बिशरकडून (जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्याकडून) आला हे सांगतो, त्याला पाचशे रुपये जास्त द्यायला माझी हरकत नाही.

आणि यावर शेवटी बोलायचं ते कंपन्यांशीच. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात कधीही हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेने ती बाद करताना नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यायची आहेत. महापे-ऐरोलीतल्या कितीतरी कंपन्या या व्याख्येत बसतात. त्यांनी रिसायकलरच्या आधी रिफर्बिशरला फोन करावा. चालतं यंत्र दळून त्यातलं तांबं काढण्याआधी ते कोणाच्या तरी घरात पाच वर्षं चालू शकतं. डेटाची भीती मला मान्य आहे. लोकांची माहिती असलेली डिस्क बाहेर जाता कामा नये. पण डिस्क नीट पुसायची साधनं आहेत, आणि तेवढा भरवसा नसेल तर फक्त डिस्क नष्ट करा. अख्खं यंत्र कशाला? ऑटोपायलटची नोंद काढा, बायोसचा पासवर्ड काढा. हे आयटी विभागाचं एका दुपारचं काम आहे आणि ते न केल्यामुळे चांगली यंत्रं निव्वळ कुलूप लागून मरतात. डिस्क काढलीत तर तिची कॅडी, म्हणजे ती बसवायची चौकट, आणि स्क्रू डब्यातच परत बसवा, छोट्या यंत्रांचे अडॅप्टर त्यांच्या त्यांच्या यंत्राला बांधून द्या. मूळ कॅडीसाठी आणि अडॅप्टरसाठी नंतर माणूस वाशीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत दुकानं पालथी घालतो.